शेजारी हत्ती, आणि हत्तींवर बंदूक: वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रांचा गठ्ठा सोडला तर निम्मी पत्रं जनावरांचीच निघाली. काही आजरा-चंदगडच्या हत्तींची, काही पंचगंगेकाठच्या गव्यांची, आणि एक थेट आफ्रिकेला निघालेल्या घरातलं. त्याच पत्रापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांच्या बऱ्याच शंका त्यातच आल्या आहेत.

प्रश्न : माझे मिस्टर साखर कारखान्यात मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट आहेत. झिंबाब्वेत चिरेडझीजवळ दोन वर्षांचा करार झालाय. मी आणि आठ वर्षांचा मुलगा मागून जाणार. तिथं जवळच्या रानात हत्ती गोळ्या घालून मारतायत असं वाचलं. सासूबाई म्हणतात, पोराला नेऊ नकोस. खरंच एवढा धोका आहे का? तिथं काय काय पाळायचं? (कसबा बावडा)

उत्तर : ताई, बातमी खरी आहे. चिरेडझी म्हणजे झिंबाब्वेच्या आग्नेय कोपऱ्यातला सखल, तापणारा मुलूख. मुतिरिक्वी धरणाच्या कालव्यांवर तिथं ऊस पिकतो. एका बाजूला गोनारेझू राष्ट्रीय उद्यान, ज्याच्या नावाचा शोना भाषेतला अर्थच 'हत्तींची जागा'. दुसऱ्या बाजूला सावे व्हॅली हे खासगी राखीव रान. मधे ऊस. सावे व्हॅलीत ८०० हत्ती सुखानं राहतील असा तिथल्या वन्यजीव खात्याचा हिशेब, पण २०२४ च्या हवाई मोजणीत ते २,५५० भरले. आधीच्या पाच वर्षांत २०० हत्ती उचलून दुसरीकडं नेले, तरी फरक पडेना. म्हणून जून २०२५ मध्ये सुरुवातीला ५० हत्ती मारायचं जाहीर झालं. मांस गावकऱ्यांना, सुळे सरकारजमा.

संख्या कमी करायला असं ठरवून मारण्याला तिकडं कलिंग म्हणतात. मारण्याचं काम वस्तीपासून लांब, खात्याची माणसं करतात. त्यांच्या गोळीचं भय तुम्हाला नाही, भय उरलेल्या हत्तींचं आहे. हत्तीचा खालच्या पट्टीतला हुंकार आपल्या कानाला ऐकू येत नाही, पण दुसऱ्या हत्तींना तो काही किलोमीटरवरून कळतो. घाबरलेला कळप दिवसा गच्च झाडीत दडतो, रात्री हलतो आणि गाडीचा आवाज आला की पळण्याऐवजी तोंड फिरवून उभा राहतो. एरवी रस्त्याकडेला निवांत पाला ओरबाडणारी मादी त्या दिवसांत तशीच वागेल असं धरून चालू नका. कलिंग कुठल्या पट्ट्यात आणि कधी चाललंय हे मळ्याच्या सुरक्षा कार्यालयात आठवड्याला विचारत जा, आणि त्या बाजूचे कच्चे रस्ते तेवढे दिवस सोडून द्या.

आता घर. अंगणात केळ, पपई, आंबा, संत्रं, भोपळा यातलं काही लावू नका. आपल्याकडं परसात केळीचे चार खुंट असतातच, तिथं ते हत्तीला आवतण ठरतं. मक्याची किंवा पिठाची पोती बाहेरच्या पडवीत ठेवली तर वासावर हत्ती भिंत पाडून आत सोंड घालतो, असे प्रकार तिकडं घडतात. पोती आतल्या खोलीत, घट्ट झाकणाच्या पिंपात. खरकटं रोज पुरायचं किंवा जाळायचं, नाहीतर हत्तीच्या आधी तरस आणि बबून नावाची मोठी माकडं येतात. बबूनला खिडकीची साधी कडी उघडता येते, म्हणून खिटी आतून वळवून बसणारी हवी. स्वयंपाकघरात शिरलेल्या बबूनचा रस्ता अडवून उभं राहायचं नाही. दार सताड उघडायचं आणि बाजूला व्हायचं.

तिथला गळीत हंगाम साधारण एप्रिल-मे ते डिसेंबर, म्हणजे बराचसा काळ आपले कारखाने बंद असताना. ऊस तोडण्याआधी फड पेटवतात. फड पेटला की साप, रानडुकरं, उंदीर सगळे कडेनं बाहेर पडतात आणि जवळच्या घरांकडं येतात. जाळण्याचे दिवस आधी कळतात. त्या दिवशी दाराखालची फट पोत्यानं बुजवा आणि मुलाला आत ठेवा. पफ ॲडर हा तिथला जाडजूड विषारी साप माणूस आला तरी हलत नाही, वाटेवर पडून राहतो, आणि म्हणूनच त्याच्यावर पाय पडतो. रात्री टॉर्चशिवाय आणि घोटा झाकणाऱ्या बुटांशिवाय दहा पावलंसुद्धा नाही. सकाळी बूट घालण्याआधी उपडे करून आपटायचे, विंचवासाठी.

कालव्याचं आणि बंधाऱ्याचं पाणी मात्र सगळ्यात आधी मुलाच्या डोक्यात बसवा. रंकाळ्याच्या कठड्यावर बसतात तसं तिथं पाण्याकडेला बसायचं नाही. मगर काठाला लागून पाण्याखाली असते आणि तुम्ही रोज त्याच जागी येता हे ती हेरते. पाणघोडा दिवसा पाण्यात असतो, अंधार पडला की चरायला बाहेर निघतो, कित्येकदा दोन-तीन किलोमीटर. त्याची वाट ओळखू येते: मधे गवताची पट्टी आणि दोन बाजूंना दोन चाकोऱ्या, बैलगाडीच्या रस्त्यासारखी. त्या वाटेवर संध्याकाळी पाचनंतर आणि सकाळी ऊन वर येईपर्यंत जायचं नाही. तो पाण्याकडं परतत असताना तुम्ही मधे सापडलात तर तो वळसा घालत नाही.

हत्ती समोर आलाच तर? पायी असाल तर आधी थांबा. मूठभर धूळ सोडून वारा बघा. तुमच्याकडून त्याच्याकडं वारा असेल तर त्याला तुमचा वास लागलेला आहे. कान पसरलेले, मान वर, सोंड उचललेली, मोठ्यानं चीत्कार: हा बहुतेक वेळा दम असतो. कान मागं चिकटवलेले, मान खाली, सोंड आत वळवलेली आणि आवाज नाही: हा खरा हल्ला. दोन्हीत पाठ फिरवून पळणं वाईट. तोंड त्याच्याकडं ठेवून मागं सरका, मधे जाड झाड, वारूळ किंवा खडक येईल असं बघा. गाडीत असाल तर कळपापासून शंभर मीटरवर थांबा, इंजिन चालू ठेवा, हॉर्न देऊ नका, आणि मादी व पिल्लाच्या मधून गाडी काढू नका. डोळ्यामागून पाझर, मागच्या पायांवरून सतत ठिबकणारं मूत्र आणि उग्र दर्प असलेला एकटा नर माजावर असतो. त्याच्यासाठी शंभर मीटरही कमी. दिसताच मागं फिरा.

मांसाबद्दल लिहिणं भाग आहे, कारण वाटप होतं तेव्हा शेजारी तुम्हालाही वाटा देतील. हत्तीचं मांस जाड धाग्याचं. ते उभ्या पट्ट्या कापून, मीठ, व्हिनेगर, मिरी आणि भरडलेले धणे लावून सावलीत वाऱ्यावर चार-सहा दिवस वाळवतात, त्याला बिलटाँग म्हणतात. धण्याचा वास आपल्या नाकाला ओळखीचा वाटेल, पण तांबड्या रश्शात हे घालायच्या भानगडीत पडू नका, शिजत नाही. खात्यानं वाटलेलं सोडून दुसरं कुठलंही रानमांस घेऊ नका, आणि रानात मरून पडलेल्या जनावराला तर हातही लावू नका. या भागात अँथ्रॅक्स हा जनावरांपासून माणसालाही लागणारा रोग होतो. २००४ मध्ये मलिलांग्वे राखीव रानात कुडू हरणं मोठ्या संख्येनं त्यानं मेली. हत्ती मारलेल्या जागी आतडी पडलेली असतात, तिथं गिधाडांमागून तरस आणि सिंह येतात. बघायला म्हणून जायची ती जागा नव्हे.

राहिला मलेरिया. नोव्हेंबर ते एप्रिल तो जोरात असतो आणि खरं सांगायचं तर तुमच्या मुलाला हत्तीपेक्षा डासापासून जास्त धोका आहे. निघण्याआधी डॉक्टरांकडून प्रतिबंधक गोळ्यांचा मुलाच्या वजनाप्रमाणे डोस लिहून घ्या, औषध लावलेली मच्छरदाणी इथूनच न्या, आणि तिथं ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. मुलाला जरूर न्या.

प्रश्न : हत्ती कुटुंबवत्सल असतो असं आम्ही वर्गात शिकवतो. मग आख्खं कुटुंबच मारायचं हे क्रौर्य नाही का? निदान पिल्लं तरी सोडावीत. (गडहिंग्लज, शिक्षक)

उत्तर : गुरुजी, पिल्लं सोडून बघितली होती. त्याचा परिणाम वाचण्यासारखा आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानात १९६७ ते १९९४ या काळात दरवर्षी हत्ती मारले जात. संख्या सात हजारांच्या आसपास राखायची असं धोरण होतं. या काळात १४ हजारांवर हत्ती मारले गेले. पद्धत अशी: हेलिकॉप्टरनं एक कुटुंब बाकीच्यांपासून तोडायचं, मोकळ्या जागी आणायचं आणि मिनिटांत संपवायचं. बराच काळ त्यासाठी स्कोलीन नावाच्या औषधाचे डार्ट (लांबून मारायच्या सुया) वापरले. या औषधानं स्नायू लुळे पडतात, श्वास थांबतो, पण शुद्ध जात नाही. जनावर जागं असताना गुदमरतं. हे लक्षात आल्यावर ते सोडून थेट मेंदूत गोळी घालायला लागले. मांस, कातडी सगळं स्कुकुझा इथल्या कत्तलखान्यात जाई.

याच कलिंगमधून वाचवलेली काही पिल्लं दक्षिण आफ्रिकेतल्याच पिलानेसबर्ग उद्यानात नेऊन सोडली. ती मोठी झाली ती एकाही वडीलधाऱ्या हत्तीशिवाय. त्यातले नर वेळेआधी माजावर येऊ लागले, माज लांबू लागला, आणि १९९२ ते १९९७ दरम्यान त्यांनी चाळीसहून जास्त पांढरे गेंडे मारले. हत्तीनं गेंड्याला सुळ्यानं भोसकून मारणं हे एरवी फारसं घडत नाही. १९९८ मध्ये क्रूगरहून सहा मोठे नर आणून सोडले. मोठा नर समोर असला की लहानाचा माज उतरतो. गेंडे मरायचे थांबले.

म्हणून कुटुंबातला एकही मागं ठेवायचा नाही हा नियम क्रौर्यातून आलेला नाही. कलिंग करायचंच म्हटलं तर तेच कमी वाईट. ते करायलाच हवं का, हा प्रश्न वेगळा. क्रूगरमध्ये १९९५ पासून ते थांबलं, २००८ मध्ये 'शेवटचा उपाय' म्हणून कायद्यानं दार किलकिलं ठेवलं. दरम्यान हत्ती दुपटीहून जास्त झाले. उद्यानानं मग माणसानं बांधलेले पाणवठे बंद करायला घेतले. दर पाच-सात किलोमीटरला पाणी असलं की हत्ती वर्षभर सगळीकडं पसरतात आणि कुठलंच झाड सुटत नाही. पाणी नदीपुरतं राहिलं की लांबच्या रानाला उसंत मिळते. लहान राखीव रानांत मादीला डार्टनं गर्भनिरोधक लस देतात, दक्षिण आफ्रिकेतल्या माकालाली रानात २००० पासून. पण मादी २२ महिने गाभण राहते आणि साठ वर्षं जगते. आज लस दिली तर आकडा वाढायचा मंदावतो, कमी व्हायला दशकं लागतात.

कलिंग हवंच म्हणणाऱ्यांची बाजूही खोटी नाही. केनियातल्या त्सावोत साठच्या दशकात कलिंग सुचवलं गेलं होतं, ते झालं नाही. १९७०-७१ च्या दुष्काळात हजारो हत्ती भुकेनं मेले, त्यात माद्या आणि पिल्लं जास्त, कारण त्यांना पाण्यापासून लांब जाता येत नाही.

प्रश्न : नामिबियानं २०२४ ला दुष्काळात प्राणी मारले ते किती आणि कुठले? (इचलकरंजी)

उत्तर : एकूण ७२३ मारायचं ठरलं होतं. ३०० झेब्रे, १०० निळे वाइल्डबीस्ट, १०० इलँड, ८३ हत्ती, ६० रानम्हशी, ५० इंपाला, ३० पाणघोडे. (वाइल्डबीस्ट, इलँड आणि इंपाला ही हरणासारखी जनावरं.) हेतू दोन: दुष्काळग्रस्तांना मांस आणि चाऱ्या-पाण्यावरचा भार कमी करणं. त्याच वर्षी झिंबाब्वेनं २०० हत्तींचं जाहीर केलं. तिथं १९८८ नंतरचं ते पहिलं कलिंग.

प्रश्न : तिकडं हत्ती मारतात, लोकांना मटण मिळतं. आमच्याकडं एक टस्कर येतो, रात्रीत वीस गुंठं ऊस आडवा करतो, आणि आम्ही नुसतं फटाकडं वाजवायचं? हिकडं का मारत न्हाईत? (आजरा तालुका)

उत्तर : दादा, कारण इथं कमी करण्याइतके हत्तीच नाहीत. कलिंग आकड्यासाठी असतं. सावे व्हॅलीत अडीच हजार आहेत. कर्नाटकातून २००० नंतरच्या काळात चंदगड, आजरा, दोडामार्गकडं उतरलेले हत्ती बोटांवर मोजण्याइतके. ऊस खाणाऱ्या एका नराला हटवणं तिकडंही कलिंगमध्ये धरत नाहीत. ते 'उपद्रवी जनावराचा बंदोबस्त' या वेगळ्या खात्यात जातं. आपल्याकडं हत्ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. माणसाच्या जिवाला धोका असल्याची किंवा जनावर बरं न होण्याइतकं पंगू वा आजारी असल्याची खात्री पटली आणि पकडून दुसरीकडं नेणं शक्य नसलं, तरच मुख्य वन्यजीव रक्षक मारण्याचा लेखी हुकूम देऊ शकतात. पीक खाल्लं एवढ्यावर नाही.

तिकडच्या शेतकऱ्याकडून उचलण्यासारखं आहे ते दुसरंच. मिरचीची वीट. सुक्या मिरचीची भरड एक पाटी, ताजं शेण दोन पाट्या, वळण्यापुरतं पाणी. विटेच्या साच्यात घालून उन्हात खडखडीत वाळवायची. संध्याकाळी शेताच्या ज्या अंगानं वारा येतो त्या बांधावर निखाऱ्यावर ठेवायची. ज्वाळा नको, धूर हवा. गडहिंग्लजच्या बाजारात डागी, फुटकी मिरची स्वस्त मिळते, ती चालते. दळताना तोंडाला फडकं आणि डोळ्यांना चष्मा. हात साबणानं नाही, आधी तेलानं धुवायचे.

हे कुठं फसतं? एक, पावसाळ्यात. चंदगड-आजऱ्याच्या पावसात वीट वाळतही नाही आणि पेटतही नाही, म्हणून उन्हाळ्यात करून माळ्यावर कोरड्यात ठेवावी आणि पत्र्याच्या आडोशाला पेटवावी. दोन, वारा फिरला की धूर तुमच्याच घरात. तीन, रोज एकाच जागी लावली की हत्तीला तो कोपरा कळतो आणि तो दुसऱ्या बांधानं येतो. जागा बदलत राहा.

केनियात मधमाश्यांच्या पेट्यांचं कुंपणही वापरतात. दर दहा मीटरला एक पेटी, सगळ्या एका तारेला टांगलेल्या. हत्तीनं तार ढकलली की पेट्या हलतात, माश्या उठतात. पण ती आफ्रिकन मधमाशी, तिचा राग जगजाहीर. आपली सातेरी त्यामानानं गरीब, आणि रिकाम्या पेटीला हत्ती भीत नाही. मधासाठी पेट्या ठेवायच्याच असतील तर बांधावर ठेवा, पण निव्वळ हत्तीसाठी पैसे घालू नका.

झटका मशीनचं सौर कुंपण हत्तीला चालतं, त्याची निगा राखली तर. तारेला लागलेलं गवत आठवड्याला काढा, कारण प्रत्येक ओलं पातं करंट जमिनीत सोडतं. अर्थिंगच्या तीन सळ्या एकमेकींपासून तीन मीटरवर, ओल राहील तिथं. मीटरवर पाच हजार व्होल्टच्या खाली दिसलं की हत्ती पार करणार असं समजा. सुळ्याला झटका बसत नाही हे जाणता नर शिकतो आणि सुळ्यानंच तार तोडतो, किंवा झाड ढकलून तारेवर पाडतो. म्हणून कुंपणाला लागून उंच झाड ठेवू नका. आणि घरातल्या लाइनीवरून थेट तारेत वीज सोडणं हा गुन्हा आहे. झटका मशीन क्षणभराचा ठोका देऊन सोडतं, थेट वीज धरून ठेवते. त्यात हत्ती मरतो, रानडुक्कर मरतं आणि पहाटे पाणी पाजायला गेलेला शेजारीही.

नुकसान झालं की त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा, आणि पंचनाम्याआधी आडवा ऊस उचलू नका. पायाच्या ठशाशेजारी खुरपं ठेवून फोटो काढा, म्हणजे माप कळतं.

प्रश्न : आमच्या शिवारात उसात गवा बसलाय. पोरं ट्रॅक्टर घेऊन हुसकावायला निघालीत. (करवीर तालुका)

उत्तर : पोरांना घरी बोलवा. १९२६ या वन खात्याच्या नंबरवर फोन करा. गवा दिवसा फडात बसतो आणि अंधार पडला की आल्या वाटेनं जातो, फक्त ती वाट मोकळी हवी: गाड्या नकोत, दिवे नकोत, मोबाइल उगारलेली गर्दी नको. हुसकावलेला गवा पळत सुटला की दोन गोष्टी होतात. समोर येईल त्याला तो शिंगावर घेतो. आणि इतकं मोठं धूड तासन्‌तास धावलं की अंग तापतं, स्नायू फुटतात, त्यांचा मळ रक्तातून मूत्रपिंडात अडकतो, आणि बेशुद्धीचं औषध दिल्यावर जनावर उठतच नाही. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला शिरलेला गवा अशाच पाठलागानंतर मेला.

प्रश्न : रानडुक्कर तरी मारता येतं का? (भुदरगड)

उत्तर : पीकनुकसानीसाठी वन खात्याची लेखी परवानगी घेऊन, परवानाधारक बंदुकीनंच. फासे, गावठी बॉम्ब, विजेची तार, विषारी गोळे यातलं काहीही नाही. कुंपणच करायचं असेल तर खालची तार जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटरवर घ्या. डुक्कर उडी मारण्याआधी नाक खाली घालून शिरायला बघतं.

प्रश्न : भावानं आफ्रिकेहून हत्तीच्या शेपटीच्या केसांचं कडं आणतो म्हटलंय. तिथं राजरोस विकतात म्हणे. घालू का? (राजारामपुरी)

उत्तर : आणू देऊ नका. तिथली विक्री तिथल्या परवान्यावर चालते. सीमा ओलांडली की आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आणि आपला वन्यजीव कायदा दोन्ही लागतात, आणि कस्टममध्ये 'भेट आहे हो' हे ऐकून घेत नाहीत. तसलंच काळं कडं प्लॅस्टिकच्या दोऱ्याचंही मिळतं. पण ते खरं की खोटं हे विमानतळावर सिद्ध करत बसण्यापेक्षा त्याला मक्याच्या सालीची विणलेली टोपली आणायला सांगा.